गेले का ते?

"आज आत की बाहेर?" तव्यावरची खिचीन उलटता उलटता न्युरजाननं विचारलं.

"आत," सापियात म्हणाली.

त्या घरात हा नेहमीचाच प्रश्न होता. बाहेर म्हणजे खोऱ्यातली प्रयोगशाळेची बैठी इमारत. आत म्हणजे डोंगरात. उत्तर 'आत' असं आलं की म्हातारी पुढे काही बोलत नसे. बटाटा आणि चीज भरलेली गरम खिचीन लोणी लावून फडक्यात बांधायची, ताकासारख्या आयरानची बाटली पिशवीत सरकवायची आणि लेक फाटकाबाहेर पडेपर्यंत पाठमोरी उभी राहायची. आज मात्र बांधता बांधता थांबली.

"वर बर्फ फार साचलाय गं. रात्रभर डोंगर कण्हत होता."

"वारा होता, आई."

"बरं, वारा तर वारा."

सापियातनं मफलर गुंडाळला आणि ती निघाली. सकाळ स्वच्छ होती. एल्ब्रुस शिखराच्या बाजूनं येणारी नदी बर्फाखालून खळखळत होती, आणि दोन्ही अंगांचे कडे इतके पांढरे होते की डोळे दुखावेत. फेब्रुवारीचा शेवट होता. डोंगराच्या पोटात महिनाभर जमलेलं आज उपसायचं होतं.

जमलेलं म्हणजे काय, हे खोऱ्यातल्या माणसांना समजावून सांगताना तिची नेहमी तारांबळ उडे. सूर्याच्या गाभ्यातून न्यूट्रिनो नावाचे कण सुटतात. ते कशालाच अडत नाहीत. माणूस असो, डोंगर असो, सगळी पृथ्वी असो, काही वाटेत आलंच नाही अशा बेतानं ते पार निघून जातात. बोटाच्या नखातून दर सेकंदाला हजारो कोटी. ते नेमके किती येतात याचा अंदाज बांधायचा, तर आकाशातून येणारं बाकीचं सगळं आधी अडवायला हवं, आणि त्यासाठी डोक्यावर डोंगर हवा. म्हणून कित्येक वर्षं खपून हा बोगदा खणला होता. त्याच्या टोकाशी गॅलियम या धातूनं भरलेल्या टाक्या होत्या. तो धातू कोमट ठेवला की पाऱ्यासारखा पातळ राहतो. कधीतरी, अशा अगणित कणांतला एखादाच त्या धातूच्या एखाद्या अणूला धडकतो आणि त्याचा जर्मेनियम होतो. महिन्याकाठी हाताच्या बोटांवर मोजावेत इतके अणू. टनावारी धातूतून ते वेचून काढायचं काम सापियातचं होतं.

"म्हणजे सूर्याची झडती घेता तुम्ही," बोगद्यातली छोटी गाडी चालवणारा ओयुस म्हणायचा. "सापडतं का काही?"

"जेवढं सापडायला हवं त्याच्या निम्मंच."

"मग निम्मं वाटेत कोणीतरी खाल्लं. आपल्या देशात काही नवं नाही."

बोगद्याच्या तोंडाशी तिखोन पहाऱ्यावर होता. काळ बरा नव्हता म्हणून तोंडावर बंदूकवाला माणूस ठेवलेला. तिखोन कसला पहारेकरी, मूळचा मधमाश्या पाळणारा. पण अंगात सैन्यातून मोडीत निघालेला लांब करडा कोट आणि खांद्यावर जुनाट बंदूक, त्यामुळे लांबून तो रुबाबदार दिसे.

"पास दाखवा, सापियात अख्मातोव्ना."

"रोज बघतोस की मला."

"तुम्हाला बघतो. पासाला बघितल्याशिवाय पगार देत नाहीत."

गाडीत रोदिओन ल्वोविच आधीच येऊन बसले होते, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. सूर्याच्या हिशेबात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. मॉस्कोतलं घर सोडून ते या खोऱ्यात राहिले, बायको कंटाळून परत गेली, तरी हे राहिले. येत्या उन्हाळ्यात त्यांची निवृत्ती होती. पहिल्या उपशांमध्ये जवळजवळ काहीच हाती लागलं नव्हतं, तेव्हा परदेशातली मंडळी हसली होती. मग आकडा हळूहळू वर चढत निम्म्यावर येऊन थांबला. आता तो तिथंच टिकतो का, हे आजच्या आणि पुढच्या एकदोन उपशांवर ठरणार होतं.

गाडी आत शिरली. मागचा उजेड नाण्याएवढा झाला, मग टाचणीच्या टोकाएवढा, मग नाहीसा झाला. चाकांचा खडखडाट भिंतींना घासत पुढे चालला. जसजसं आत जावं तसतशी थंडी मागे पडत होती आणि खडकाची ऊब अंगाला लागत होती. हा डोंगर आतून गरम आहे. मफलर सोडावा लागतो, मग कोटाची बटणं.

अर्धं अंतर कापलं की सापियात नेहमी एकदा वर बघायची. वर नुसतं ओलं छत. पण त्या छतावर, सगळा डोंगर ओलांडून सरळ डोक्यावर, तिच्या आईचं जुनं गाव होतं. आता नुसती दगडांची जोती.

त्या गावातून, साऱ्या खोऱ्यातूनच, सगळी बाल्कार जमात शत्रूला फितूर असल्याचा आळ घेऊन सरकारनं एका मार्चच्या पहाटे उचलून नेली. युद्धाचं साल होतं. सैनिक आधीच खोऱ्यात येऊन राहिले होते, विसाव्याला आलोय म्हणून. लोकांनी त्यांना मटण वाढलं, अंथरुणं दिली. मग एका पहाटे त्याच सैनिकांनी दारं ठोठावली आणि गाठोडी बांधायला सांगितलं. न्युरजान तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची धाकटी बहीण आबिदात सहाची. आबिदातला त्या लांब कोटांची भीती वाटे. कोटवाले दिसले की ती कुठंतरी दडून बसायची आणि "गेले का ते?" असं विचारून, खात्री झाल्यावरच बाहेर यायची. त्या पहाटेही ती दडली. आईनं हाका मारल्या, बापानं मारल्या, न्युरजाननं मारल्या. पण कोटवाले अंगणातच उभे होते, मग ती कशी येणार? ट्रकमध्ये सगळ्यांना ढकललं गेलं. वळण येईपर्यंत न्युरजान हाका मारत होती.

जिथं नेऊन टाकलं होतं त्या किरगिझ माळावरून तेरा वर्षांनी सगळे परत आले, तेव्हा लहानगी सापियात आईच्या कडेवर होती. न्युरजाननं त्या उतारावरची एकेक कपार धुंडाळली. हाड नाही, चिंधी नाही, साधं बटण नाही. आबिदातला, आणि त्या पहाटे तिच्यासारख्याच दडलेल्या आणखी कितीकांना, कशानं गिळलं ते कुणालाच कळलं नाही.

टाक्यांच्या दालनात पोचल्यावर मात्र सापियातला दुसरं काही सुचत नसे. टाक्या ओळीनं उभ्या होत्या. पंख्यांची घरघर, पंपांचा ठोका, तारांचा गुणगुणाट, आणि सगळ्यावर आम्लाचा, ओल्या सिमेंटचा, कुठूनतरी येणाऱ्या गंधकाचा वास. दालनाच्या मागे एक अर्धवट खणलेला फाटा होता. तिथला खडक इतका तापलेला निघाला की कामगारांनी हत्यारं टाकली. तोंडाला फळ्या ठोकून तो बंद केला होता.

गाडी सोडून ओयुस परत गेला. दोघांनी काम सुरू केलं. आम्लाचं पाणी टाकीत सोडलं, घुसळण चालू केली. दाट रुपेरी धातू टाकीत गरगरू लागला. हे पाणी ते मूठभर अणू आपल्यात ओढून घेतं, पण लगेच काढून घ्यावं लागतं. उशीर झाला की अणू पुन्हा धातूत मिसळतात आणि अख्खा महिना मातीत जातो.

दुपार झाली होती. घुसळण संपत आली होती. आणि अचानक जमीन हलल्यासारखी झाली. आवाज नव्हे, तळपायांना कळलेला एक धक्का. पाठोपाठ दिवे गेले. पंप थांबले. पंखे फिरत फिरत मंद झाले आणि थांबले.

त्या दालनातली यंत्रं आजवर कधी गप्प झालीच नव्हती. ती आता झाली.

"कड्यावरचा बर्फ कोसळला," रोदिओन ल्वोविच अंधारातून म्हणाले. टोपीवरचा दिवा त्यांनी लावला. "तारा तुटल्या असणार." त्यांनी फोन उचलला, कानाला लावला, ठेवला. "काही नाही. आणि हवा बंद झालीय, सापियात अख्मातोव्ना. इथला खडक कसले कसले वायू सोडतो ते तुम्हाला ठाऊक आहे."

"पाणी आत आहे अजून. हातपंपानं काढता येईल."

"वेळ लागेल."

"तुम्ही पुढे व्हा. तुमचे गुडघे हळू चालतात. तोंडाशी जाऊन ओयुसला गाडी घेऊन पाठवा. तोवर मी काढते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाही. चला दोघंही. अणू पुन्हा मिळतील."

"कधी? तुम्ही उन्हाळ्यात चाललात."

त्यांनी काठी उचलली. मग तिच्या दंडावर हात ठेवला. "डोकं जड झालं, कानात काही ऐकू यायला लागलं, तर सगळं टाकून निघा. शब्द द्या."

"दिला."

त्यांचा दिवा रुळांवरून डुलत डुलत गेला. काठीची टकटक बराच वेळ ऐकू येत राहिली, आणि मग तीही येईना.

सापियात पंप मारत होती. दांडा खाली, दांडा वर. नळीतून पाणी बुडबुड करत काचेच्या मोठ्या बुधल्यात उतरत होतं. टोपीवरच्या दिव्याचा पिवळा गोल बुधल्यावर पडला होता, त्याच्या बाहेर काही नव्हतं. घाम तिच्या पाठीवरून ओघळत होता. गंधकाचा वास वाढला होता. आणि त्यात, कसा कोण जाणे, आणखी एक वास होता... जुन्या गोठ्याचा, मेंढ्यांच्या लोकरीचा.

दांडा कुरकुरला. तिनं थांबून त्याला तेल दिलं.

कुरकुर थांबली नाही.

ती दांड्याची नव्हतीच. ती मागून येत होती. फळ्यांच्या पलीकडून. बारीक, कोरड्या घशाची.

"...न्युरजान."

सापियातचा हात दांड्यावर तसाच राहिला. आपल्या आईचं नाव. आणि नुसत्या नावानं हाक. आता खोऱ्यात तिच्या आईला नुसत्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

कानात काही ऐकू यायला लागलं तर निघा, असं ते म्हणाले होते. बिघडलेली हवा माणसाला काय काय ऐकवते हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. तिनं दात आवळले. थोडंच पाणी राहिलं होतं. दांडा खाली, दांडा वर.

"न्युरजान... गेले का गं ते?"

ती बाल्कारच भाषा होती, पण जुन्या गावाची. लांबवलेले स्वर, शेवटी खाली घसरणारा सूर. असं बोलणारं सापियातनं एकच माणूस ऐकलं होतं.

बुधला भरत आला होता. तिनं बूच लावलं, वरून फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली.

आता आवाज फळ्यांना चिकटून आला.

"मी हललेसुद्धा नाही... अजिबात आवाज केला नाही मी."

सापियातनं बुधला छातीशी धरला. निघायचं होतं. रूळ समोर होते, पाय मोकळे होते. पण तिच्या डोळ्यांपुढे ट्रकच्या मागच्या फळीला धरून हाका मारणारी अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली, जिला तिनं आयुष्यभर आई म्हटलं होतं. आणि बुद्धी एक सांगत असताना तिचं तोंड दुसरंच बोलून गेलं.

"गेले, आबिदात. केव्हाच गेले."

फळ्यांमागे काही हललं नाही.

"सगळे?"

"सगळे."

"कोटवालेपण?"

"कोटवालेपण गेले, राणी. ये बाहेर."

एकही फळी वाजली नाही. एकही खिळा निघाला नाही. पण सापियातच्या मोकळ्या हातात एक लहान हात आला. कोरडा, आणि तिथल्या खडकासारखा गरम. तिनं मान वळवली नाही. दिव्याचा गोल तिनं समोरच्या रुळांवर धरला आणि चालू लागली.

तिच्या बुटांचा आवाज होत होता. शेजारी अनवाणी पायांचा. पप्, पप्, पप्. मधूनच छतावरून थेंब पडे तेव्हा तो हात दचकून घट्ट होई. सापियातला भीती वाटत होती का? वाटत होती. पण तो हात सोडावा असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

"न्युरजान... आई रागावली असेल?"

"नाही."

"खूप वेळ झाला ना?"

"...थोडा झाला."

अर्ध्या वाटेवर हात थांबला. सापियातही थांबली. वर ओलं छत होतं.

"आपलं घर," लहान आवाज म्हणाला, जरासा आनंदानं. "चूल विझलीय."

"हो."

"तुझा हात मोठा झालाय गं."

सापियातनं तो हात आणखी घट्ट धरला. पुन्हा पाय चालू लागले. हवा बदलत होती. गार झुळूक तोंडावर आली, बर्फाचा वास आला. लांब पुढे उजेडाचं टोक दिसलं, ते नाण्याएवढं झालं, बशीएवढं झालं. बोगद्याचं तोंड कोसळलेल्या बर्फानं अर्धंअधिक बुजलं होतं, वरच्या अंगाला भगदाड पाडलेलं दिसत होतं आणि त्यातून कलत्या दुपारचं ऊन आत ओतत होतं. आता थोडंच. आणखी थोडं. गरम हात तिच्या हातात हळूहळू निवत होता, खऱ्या पोरीच्या हातासारखा होत होता.

मग त्या उजेडात कोणीतरी उभं राहिलं. नुसती काळी आकृती. घोट्यापर्यंत लांब कोट. खांद्यावर बंदूक.

"थांब! कोण आहे तिकडे?" तो रशियनमध्ये ओरडला, आणि ओरडणं बोगदाभर घुमलं.

हातातला हात ताठ झाला.

"तू म्हणालीस गेले..."

रागानं नाही. दडून बसलेलं पोर जसं बोलतं तसं, ओठांतल्या ओठांत. आणि हात निसटला. पप् पप् पप् पप्, अनवाणी पावलं मागे अंधारात धावत सुटली, लांब गेली, आणखी लांब गेली, विरली.

"आबिदात!" सापियात किंचाळली. "अगं, तो तिखोन आहे! तो कोणी नाही! आबिदात!"

बर्फावरून घसरत तिखोन तिच्यापाशी आला. फावडं अजून त्याच्या हातात होतं. "अहो, तुम्ही आहात होय! मला वाटलं... आवाज दोन आले, म्हणून ओरडलो. दुसरं कोण आहे आत?"

तिनं त्याच्या छातीवर मूठ मारली. "काढ तो कोट. काढ म्हणते ना! काढ!"

बिचारा तिखोन. काही न कळता त्यानं कोट उतरवला आणि त्या थंडीत सदऱ्यावर उभा राहिला.

रोदिओन ल्वोविच तोंडाशीच पोत्यांवर पडले होते, ओठ निळे पडलेले. गाडीची शेड बर्फाखाली गेली होती आणि ओयुस तिकडे खोदत होता, म्हणून आत कोणी येऊ शकलं नव्हतं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, सापियातच्या कुशीतला फडकं बांधलेला बुधला बघितला, आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

संध्याकाळी सापियातनं आईला सगळं सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवून ती घरी आली होती. पण न्युरजाननं दार उघडताच तिचा हात हातात घेतला, उलटा करून तळवा बघितला. तळव्यावर भाजल्यासारखा लाल डाग होता, लहान, बोटांच्या आकाराचा. मग लपवायला काही उरलं नाही.

म्हातारी चुलीपाशी बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू गेले म्हणालीस तेव्हा... तिनं विश्वास ठेवला?"

"ठेवला होता, आई."

न्युरजाननं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बोगद्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. आत सोडायची परवानगी नव्हती आणि तिनं मागितलीही नाही. तिनं तोंडाभोवती हात धरले आणि हाक मारली. "आबिदात! ये गं! न्युरजान आलेय!" तिखोननं तिला पाहिलं मात्र, कोट काढून पाठीमागे धरला, बंदूक बर्फात आडवी ठेवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. ऊन कड्याआड जाईपर्यंत म्हातारी हाका मारत होती. घसा बसला तेव्हा ओठ हलवत राहिली. आतून फक्त डोंगराचा उबदार श्वास येत होता, एकसारखा.

त्यानंतर सापियात आत गेली नाही. तिनं बाहेरचं काम मागून घेतलं. कुणी कारण विचारलं नाही, त्या दुपारच्या हवेनं तिला ग्रासलं असं सगळे धरून चालले.

त्या बुधल्यातल्या पाण्यातून अणू निघाले. ते मोजण्यात अख्खा वसंत ऋतू गेला. आकडा पुन्हा तोच आला, निम्मा. रोदिओन ल्वोविचनी तो बघितला आणि दिवसभर इमारतीत शीळ घालत फिरले. "सूर्याचं काही चुकत नाही," ते सापियातला म्हणाले. "तो पाठवायचे तेवढे पाठवतो. निम्मे वाटेत रूप बदलतात, असं मला वाटतं. ते येतात, आपल्यातून जातात, पण आपल्या टाकीला त्यांची ओळख पटत नाही." मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "तुम्ही तो बुधला टाकून आला असता तरी मी तुम्हाला काही म्हटलं नसतं हं."

उन्हाळ्यात ते जायला निघाले. शेवटचा उपसा त्यांनी दुसऱ्या रसायनज्ञाला घेऊन केला, आणि मॉस्कोच्या गाडीत बसण्याआधी निरोप घ्यायला सापियातच्या घरी आले. न्युरजाननं खिचीन वाढली. जर्दाळूच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं, नदीचा आवाज येत होता. म्हातारबुवांनी दोन घास खाल्ले आणि ताटली सरकवली.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं राहिलो, पण तुमची भाषा काही शिकलो नाही, लाज वाटते. परवा गाळणी बदलायला आम्ही सगळे पंप आणि पंखे बंद केले होते. थोडा वेळच. माझा जोडीदार बाहेरच्या बाजूला गेला होता. तेव्हा त्या फळ्यांच्या मागे... माझं वय झालंय, कान वाजत असतील. पण शब्द पक्के लक्षात राहिलेत." आणि एकेक अक्षर जपून उच्चारत ते म्हणाले, "आल्किन मिंदादिला. म्हणजे काय?"

दारात उभ्या असलेल्या न्युरजाननं उत्तर दिलं, आणि तिचा आवाज अगदी शांत होता.

"ते अजून इथंच आहेत."

"हां..." रोदिओन ल्वोविचनी मान हलवली. "पोरीचा आवाज होता. कुजबुजत, दुसऱ्या कुणाला सांगावं तसा."

"कुणाला?" सापियातनं विचारलं.

ते डोंगराकडे बघत राहिले. आयुष्यभर न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधत आलेला तो माणूस, पण बोलताना चाचरत होता.

"किती असतील सांगता येत नाही. त्या दालनात एक बारीक सळसळ नेहमी असते, मी ती हवेची समजायचो. पंख्यांची, नळ्यांची... इतकी वर्षं ऐकत आलो होतो. परवा पंखे बंद होते, तरी ती चालूच होती. पोर ते शब्द बोलली, आणि सापियात अख्मातोव्ना... ती सळसळ थांबली. एकदम. खूप माणसांनी एकाच वेळी श्वास रोखून धरावा, तशी."